पडद्यावरील पानाची आखणी

वहीचे कोरे पान समोर आले म्हणजे आपण पहिले काम कोणते करतो? पट्टी घेऊन डाव्या बाजूस समासाची रेघ ओढतो. वही हिशेबाची असेल तर रकाने पाडतो. लिहावयाचा मजकूर त्यानंतर येतो. आखणी आधी आणि लेखन मागाहून हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की आखणी ही एक स्वतंत्र विद्या आहे याचा आपणांस विसर पडतो. कागदावरील पानाप्रमाणेच संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या वेबपानासही आखणी लागते. ती कशी करावयाची, आडव्या ओळी आणि उभे रकाने कसे ठरवावयाचे, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

प्रारंभीच एक कबुली देते. मी कलाशाखेची पदवीधर. घरी कोकणी बोलत वाढले, शाळेत मराठी शिकले आणि आता मराठीच शिकविते. संगणकाच्या विद्येशी माझा संबंध उशिरा आणि गरजेपोटी आला. तेव्हा या विषयातील अधिकारी म्हणून मी लिहीत नाही. एक चूक केली, ती कशी झाली हे शोधता शोधता जे शिकले, तेवढेच तुमच्यापुढे ठेवते.

ती चूक अशी. गतवर्षी आपला वार्षिक अंक छापून झाल्यावर तो वेबपानाच्या रूपानेही सर्वांना वाचावयास मिळावा असे ठरले आणि ते काम मी अंगावर घेतले. शाळेतील संगणकाचा पडदा समोर ठेवून मी पानाचे तीन रकाने केले. डावीकडे अनुक्रमणिका, मध्ये मोठा लेख आणि उजवीकडे लहान वर्गांतील मुलामुलींचे निबंध. पान सुबक दिसले. मला समाधान वाटले. पुढे आठ दिवसांनी पाचवीतील एका मुलीचे आजोबा शाळेत आले. हातात मोबाइल होता. त्यांनी विचारले, "बाई, आमच्या नातीचो निबंध खंय आसा?" मी त्यांच्या हातातील पडद्याकडे पाहिले. तेथे अनुक्रमणिका होती, मोठ्या लेखाची अर्धवट कापलेली वाक्ये होती, आणि तिसरा रकाना मुळी दिसतच नव्हता. तो पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे कोठेतरी होता. निबंध अंकात होता. परंतु ज्यांच्यासाठी तो होता त्यांना तो दिसत नव्हता. ती आखणी माझीच होती, म्हणून दोष देण्यास दुसरे कोणी नव्हते.

आता मुख्य विषयाकडे वळू.

पानाचे रकाने पाडण्याची कला मुद्रणाहूनही जुनी आहे. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली आपल्या गोव्यात, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली मुंबईत 'दर्पण' काढले तेव्हा त्याच्या पानाचे दोन उभे स्तंभ केले होते. एकात मराठी मजकूर आणि दुसऱ्यात इंग्रजी. दोन भाषांच्या वाचकांस एकाच पानावर आपापली जागा मिळावी, हा हेतू त्या दोन स्तंभांनी साधला. आखणी म्हणजे केवळ शोभा नव्हे, वाचकाची सोय होय, हे यावरून ध्यानात येईल.

वेबपानाच्या बाबतीत मात्र ही सोय सहजासहजी झाली नाही. वेबपानाचा मजकूर ज्या खुणांनी लिहितात त्या पद्धतीस एचटीएमएल म्हणतात, आणि तो मजकूर कसा दिसावा याचे नियम ज्या भाषेत लिहितात तिला सीएसएस म्हणतात. हाकोन विउम ली या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने सीएसएसची कल्पना १९९४ साली मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिच्या पहिल्या आवृत्तीस मान्यता मिळाली. तथापि त्या भाषेत अक्षरांचा आकार, रंग, समास यांची तरतूद असली, तरी संपूर्ण पानाची ओळी आणि रकाने यांत विभागणी करण्याचे साधन नव्हते. मग लोक काय करीत? आकडेवारीच्या कोष्टकासाठी असलेली खूण वापरून तिच्या घरांत सगळे पान कोंबीत. पुढे चित्राच्या बाजूने मजकूर वाहावा म्हणून केलेली सोय रकान्यांसाठी राबविली गेली. ही सारी उसनवारी होती. अखेर २०१७ च्या मार्च महिन्यात क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत 'ग्रिड' नावाची खास व्यवस्था आली. ग्रिड म्हणजे उभ्याआडव्या रेषांची जाळी. आता पानाची आखणी सरळ सांगता येऊ लागली.

पुढे जे नियम देते ते संगणकात रोमन लिपीतच लिहावे लागतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी ते देवनागरीत दिले आहेत.

आखणीची पहिली पायरी म्हणजे ज्या चौकटीत जाळी हवी त्या चौकटीस तसे सांगणे.

डिस्प्ले : ग्रिड

एवढे सांगितले की त्या चौकटीच्या थेट पोटात असलेले घटक जाळीच्या घरांत बसावयास सिद्ध होतात. 'थेट' हा शब्द महत्त्वाचा आहे. घटकाच्या पोटात आणखी घटक असतील तर त्यांना ही जाळी लागू होत नाही. घराची वाटणी मुलांत होते, नातवंडांचे पाहणे ज्याच्या त्याच्या बापाकडे, तसेच हे.

दुसरी पायरी रकान्यांची.

ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स : २०० पिक्सेल १ एफआर २ एफआर

या ओळीत तीन मापे आहेत, म्हणून रकाने तीन. पिक्सेल हे पडद्यावरील लांबीचे एकक आहे. 'एफआर' हे अपूर्णांक या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप. त्याला आपण 'वाटा' म्हणू. हिशेब असा चालतो. पानाची रुंदी ९६० पिक्सेल आहे आणि दोन रकान्यांमध्ये २० पिक्सेलची मोकळी जागा ठेवावयाची आहे असे समजा. ही मोकळी जागा 'गॅप' या नियमाने सांगतात. रकाने तीन, म्हणून मधल्या जागा दोन; त्यांचे ४० पिक्सेल झाले. पहिल्या रकान्याचे ठरलेले २०० पिक्सेल. दोहोंची बेरीज २४०. ९६० मधून २४० वजा जाता ७२० उरले. आता वाटे एकूण तीन, म्हणून एक वाटा २४० पिक्सेलचा. दुसऱ्या रकान्यास एक वाटा म्हणजे २४०, आणि तिसऱ्यास दोन वाटे म्हणजे ४८० पिक्सेल मिळाले. थोडक्यात, ठरलेले देणे आधी चुकते करावयाचे आणि शिल्लक राहील तिचे वाटे पाडावयाचे, हा व्यवहारातलाच नियम येथे आहे.

कोणी विचारील की वाट्यांऐवजी शेकडेवारी का वापरू नये? वापरता येते, परंतु तीत एक खोच आहे. दोन रकाने प्रत्येकी ५० टक्के केले आणि मध्ये २० पिक्सेल मोकळे सोडले, तर बेरीज संपूर्ण रुंदीहून २० पिक्सेलने अधिक होते आणि पान बाजूस सरकते. शेकडेवारी मोकळ्या जागेचा विचार न करता संपूर्ण रुंदीवर काढली जाते. वाटे मात्र शिल्लक राहिलेल्या जागेचेच पडतात, म्हणून ते बाहेर सांडत नाहीत.

रकाने पुष्कळ आणि सारखे असतील तर तेच तेच माप पुनःपुन्हा लिहावे लागत नाही. 'रिपीट(६, १ एफआर)' असे लिहिले की सहा समान रकाने होतात.

तिसरी पायरी ओळींची.

ग्रिड-टेम्प्लेट-रोज : ८० पिक्सेल ऑटो ६० पिक्सेल

येथे 'रोज' म्हणजे दररोज नव्हे, ओळीस इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे ते अनेकवचन. वरच्या नियमाने तीन ओळी झाल्या. पहिली ८० पिक्सेल उंच, शेवटची ६० पिक्सेल उंच; मधलीची उंची 'ऑटो', म्हणजे तिच्यातील मजकुरास लागेल तितकी. ओळींच्या बाबतीत 'ऑटो'चे महत्त्व फार आहे. रुंदी पडद्याने ठरते, उंची मजकुराने. कोणाचा निबंध दहा ओळींचा, कोणाचा चाळीस ओळींचा. सर्वांस १०० पिक्सेलची ठरीव उंची दिली, तर लांब निबंध आपल्या घरातून खाली उतरून दुसऱ्याच्या मजकुरावर जाऊन बसेल. त्यातून आपल्या देवनागरीस वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. तिला दोन ओळींत अंतर थोडे अधिकच लागते. यास्तव मजकुराच्या ओळीस ठरीव उंची देण्याच्या मोहात सहसा पडू नये.

ओळी मुळीच सांगितल्या नाहीत तर काय होईल? काही बिघडत नाही. रकाने तीन आणि निबंध सात असले, तर पहिल्या दोन ओळींत तीन तीन निबंध बसतात, सातव्यासाठी तिसरी ओळ आपोआप तयार होते. आपण आखलेल्या ओळी वेगळ्या आणि गरजेनुसार निर्माण झालेल्या ओळी वेगळ्या, हा भेद ध्यानात ठेवावा. या आपोआप होणाऱ्या ओळींची उंची 'ग्रिड-ऑटो-रोज' या नियमाने सांगता येते. 'मिनमॅक्स(१२० पिक्सेल, ऑटो)' असे म्हटले, की निदान १२० पिक्सेल उंची राहील आणि मजकूर वाढला तर ओळही वाढेल.

आता एखादा घटक नेमक्या जागी कसा बसवावयाचा ते पाहू. येथे नवशिक्याची एक चूक हटकून होते. जाळीत आकडे दिलेले असतात ते रकान्यांना नव्हे, रेषांना. आपल्या शेतांचे उदाहरण घ्या. एका रांगेत तीन कुणगे असतील तर त्यांच्या मेरा किती? दोन टोकांच्या दोन आणि मधल्या दोन, मिळून चार. तसेच तीन रकान्यांना चार उभ्या रेषा असतात. 'ग्रिड-कॉलम : १ / ३' याचा अर्थ पहिल्या मेरेपासून तिसऱ्या मेरेपर्यंत, म्हणजे दोनच कुणगे. तिन्ही व्यापावयाचे असतील तर '१ / ४' म्हणावे लागते. मेरा उलट बाजूनेही मोजता येतात. शेवटच्या रेषेचा आकडा उणे एक. म्हणून अंकाचे शीर्षक पानभर पसरावयाचे असेल तर '१ / -१' लिहिणे सोयीचे. रकाने किती आहेत हे मोजावयास नको. मात्र ही उलट मोजणी आपण स्वतः आखलेल्या जाळीपुरतीच चालते. आपोआप झालेल्या ओळी तीत धरल्या जात नाहीत.

आकड्यांचा कंटाळा असणाऱ्यांसाठी आणखी एक युक्ती आहे, आणि भाषेच्या शिक्षिकेस ती विशेष आवडली. घरांना नावे देता येतात. 'ग्रिड-टेम्प्लेट-एरियाज' या नियमात पानाचे जणू शब्दचित्रच काढावयाचे:

"मथळा मथळा"
"सूची लेख"
"तळटीप तळटीप"

दोन रकाने, तीन ओळी. मथळा आणि तळटीप दोन्ही रकाने व्यापतात. मध्ये डावीकडे सूची, उजवीकडे लेख. मग प्रत्येक घटकास 'ग्रिड-एरिया' या नियमाने त्याचे नाव सांगितले की तो आपल्या जागी जाऊन बसतो. बंधने दोन. प्रत्येक ओळीत शब्दांची संख्या सारखी हवी, आणि एका नावाने व्यापलेली जागा आयताकृतीच हवी. एखादे घर रिकामे ठेवावयाचे असेल तर तेथे टिंब द्यावे. आनंदाची गोष्ट अशी, की नियम रोमन लिपीत लिहावे लागले तरी घरांची ही नावे देवनागरीत दिलेली चालतात. ज्या दिवशी मी संगणकात 'मथळा' असे देवनागरीत लिहिले आणि मथळा खरोखरच आपल्या जागी गेला, त्या दिवशी ही विद्या परकी आहे ही माझी समजूत पुष्कळशी ओसरली.

आता माझ्या चुकीकडे परत येते. मी रकाने असे केले होते: २२० पिक्सेल, ५२० पिक्सेल, २२० पिक्सेल, आणि मध्ये २० पिक्सेलचे अंतर. एकूण बेरीज १००० पिक्सेल. शाळेच्या पडद्यावर ते सहज मावले. परंतु पुष्कळ मोबाइलांची रुंदी या मापाने ३६० पिक्सेलच्या आसपास असते. माझा तिसरा रकाना सुरूच होत होता ७८० पिक्सेलनंतर. तो आजोबांना दिसावा कसा? मी एकच पडदा, तोही माझ्यासमोरचा, गृहीत धरला होता.

सुधारणा दोन ठिकाणी केली. पानाची मुख्य आखणी करताना लहान पडद्याचा विचार आधी केला. मूळ नियम '१ एफआर', म्हणजे एकच रकाना. सारे एकाखाली एक. मग 'मीडिया क्वेरी' नावाच्या अटीने सांगितले, की पडदा ७०० पिक्सेल किंवा त्याहून रुंद असेल तरच तीन रकाने करावेत. दुसरी सुधारणा निबंधांच्या यादीत:

ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स : रिपीट(ऑटो-फिट, मिनमॅक्स(२२० पिक्सेल, १ एफआर))

याचा अर्थ असा की प्रत्येक रकाना निदान २२० पिक्सेलचा असू दे, तसे जितके मावतील तितके कर, आणि उरलेली जागा सर्वांत सारखी वाट. मध्ये २० पिक्सेलचे अंतर धरून हिशेब करून पाहा. यादीस १००० पिक्सेल रुंदी मिळाली तर २३५ पिक्सेलचे चार रकाने होतात. ७६० मिळाली तर २४० चे तीन. ५०० मिळाली तर २५० चे नव्हे, २४० चेच दोन, कारण २० पिक्सेल अंतरात गेले. आणि ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर दोन मावत नाहीत, म्हणून एकच. पडदा बदलला की जाळी आपण होऊन बदलते. कोणाचाही निबंध कडेबाहेर जात नाही.

तरीही एकदा पान फुगलेच. एका लेखात वेबपानाचा लांबलचक पत्ता होता. मध्ये कोठेही जागा नसलेला असा शब्द तुटत नाही, आणि '१ एफआर' हा रकाना आपल्या पोटातील न तुटणाऱ्या शब्दाहून अरुंद होण्यास तयार नसतो. अशा वेळी 'मिनमॅक्स(०, १ एफआर)' लिहावे. रकाना हवा तितका अरुंद होऊ शकतो असे त्याने सांगितले जाते. मग तो लांब शब्द घराबाहेर डोकावू नये म्हणून 'ओव्हरफ्लो-रॅप : एनीव्हेअर' या नियमाने त्यास मध्येच तुटण्याची मुभा द्यावी.

शेवटी एक इशारा. ग्रिडच्या साहाय्याने घटक पडद्यावर कोठेही बसविता येतात. शेवटचा निबंध पहिल्या जागीही आणता येतो. परंतु ज्यांना दृष्टी नाही असे वाचक पान कानांनी वाचतात. संगणक त्यांना मजकूर वाचून दाखवितो तो सामान्यतः मूळ लिहिलेल्या क्रमाने, पडद्यावरील जागांच्या क्रमाने नव्हे. म्हणून मजकूर आधी योग्य क्रमाने लिहावा आणि मगच त्याची आखणी करावी. डोळ्यांना एक क्रम आणि कानांना दुसरा, असे होऊ देऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, हे वाचून झाल्यावर एक कोरा कागद घ्या आणि आपल्या वर्गाचे वेळापत्रक आखा. वार सहा आणि डाव्या बाजूस वेळेचा एक रकाना, म्हणजे रकाने सात. उभ्या रेषा किती होतील ते मोजा. मधली सुट्टी सर्व वारांवर पसरलेली असते. ती कितव्या रेषेपासून कितव्या रेषेपर्यंत जाईल ते लिहा. वेळेच्या रकान्यास १०० पिक्सेल आणि बाकीच्यांस एकेक वाटा दिला, तर ८२० पिक्सेलच्या पानावर अंतर मुळीच न सोडता प्रत्येक वारास किती मिळतील, तेही काढा. उत्तर १२० आले तर तुम्हांस वाटा समजला असे मानावयास हरकत नाही. कागदावर हे जमले की संगणकावर जमण्यास वेळ लागत नाही. मराठी शाळेत शिकलो किंवा कलाशाखेकडे गेलो म्हणून हे आपले काम नव्हे, असे कोणी म्हणू नये. पट्टी, पेन्सिल आणि वजाबाकी एवढ्या शिदोरीवर मी येथवर आले.

नव्या आखणीनंतर मी त्या आजोबांना निरोप धाडला. पुढच्या पालकसभेस ते आले तेव्हा बाकावर बसून त्यांनी मोबाइलवर पान उघडले, बोटाने एकदाच वर सरकविले आणि नातीचे नाव सापडताच निबंध मोठ्याने वाचू लागले. शेजारी नात उभी होती. तिने लिहिलेल्या एका शब्दातील ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांनी तिला तेथेच दाखविली. ती चूक छापील अंकातही तशीच राहिली होती, आणि मुद्रिते मीच तपासली होती. पुढील वर्षी ती जबाबदारीही अधिक काळजीने पार पाडीन, असे मी त्या दोघांस सांगितले आहे.